अंगणात आखलेली गाडी

मी न्यूझीलंडमध्ये मोटारहोम धुतो. मोटारहोम म्हणजे चाकावरचं घर. पुढं ड्रायव्हरची केबिन, मागं पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, संडास, सगळं एकाच गाडीत. परदेशातले पाहुणे विमानातून उतरतात, आमच्या यार्डात येतात, गाडी घेऊन महिना-दोन महिने देशभर हिंडतात आणि परत आणून लावतात. मग मी आत शिरतो. चादरी ओढतो, बेसिनमधले केस काढतो, संडासाची टाकी उपसतो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे काम मिळालं, कागदपत्रं सरळ झाली, मॅनेजरबाई माझ्याशी नीट बोलतात, म्हणून मी रोज सकाळी हात जोडतो. तरी रोज वाटतं, आज काहीतरी चुकेल आणि कुणीतरी विचारेल, तुला इथं कुणी येऊ दिलं?

मला इथवर आणलं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्काच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दाजींनी मला खांद्यावर घेतलं आणि वडवणीजवळच्या त्यांच्या गावी आणलं. दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरं कुलूप लावून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तिकडं फडाच्या कडेला बांबू आणि चटयांची कोपी उभी करायची आणि चार-पाच महिने तिच्यात काढायचे. अक्का मात्र मला सोबत न्यायला तयार नसायची. शाळा बुडते म्हणून कधी चुलत्याकडं, कधी शाळेच्या वसतिगृहात ठेवायची. सातवीच्या वर्षी मी दुसऱ्या टोळीच्या ट्रॅक्टरवर चढून तिच्यामागं कारखान्यावर गेलो. वाटलं, मारणार. तिनं मला बघितलं, कोयता खाली ठेवला आणि मटकन बसून रडली. शाळा तिथंच सुटली. त्याचं मला नाही तेवढं दुःख तिला आहे, अजून.

पुढं दाजी तोडीतून निघून ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाले. दोन ट्रॉल्या ऊस भरून उतारावरून आणताना त्यांची गाडी कधी हाताबाहेर गेली नाही. मला गाडी धुवायला आणि चालवायला त्यांनीच शिकवलं. ते शिकलो म्हणून पुण्याला गेलो, तिथून हॉटेलातल्या स्वयंपाकावर परदेशात, आणि मग या यार्डात.

आता माझी चूक सांगतो.

इथली दुपार म्हणजे तिकडची पहाट. अक्का पाचला उठते. त्या वेळी मी एखाद्या गाडीत जेवणाचा डबा उघडून बसलेलो असायचो आणि तिला फोन लावायचो. माझ्यामागं पांढरी कपाटं, फुलाफुलांचा पडदा, चकचकीत शेगडी दिसायची. अक्का म्हणाली, "सैपाकघर लई चांगलं ठिवलंस रे. बाईमानसालाबी जमनार न्हाई."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

खरं म्हणजे मी यार्डापासून बसनं अर्ध्या तासावर, एका घराच्या मागच्या खोलीत राहतो. चौघं जण, दोन दुमजली पलंग, एक खिडकी, आणि ती उघडली की शेजाऱ्याची भिंत. मी वरच्या पलंगावर झोपतो. हे अक्काला कसं सांगू? आधी वाटलं पुढच्या वेळी सांगू, मग वर्ष गेलं, मग दुसरं. गाड्या बदलत गेल्या, तसं माझं स्वयंपाकघर बदलत गेलं. तिला वाटायचं मी सारखा रंग देतो.

आणि एकीकडं मनात हेच, की अक्का-दाजींना एकदा इथं आणायचं. यार्डात रोज त्यांच्याच वयाची जोडपी बघायचो. म्हातारा गाडीला फेरी मारून टायर बघायचा, म्हातारी आत जाऊन कपाटं उघडून बघायची. मला प्रत्येक वेळी दाजी दिसायचे. पण आणून ठेवू कुठं? त्या खोलीत?

मग एक दिवस मॅनेजरबाई म्हणाल्या की फेब्रुवारीच्या शेवटी गर्दी उतरते, जुन्यातली एक गाडी कामगाराच्या घरच्यांसाठी सहा आठवडे देता येईल. मला रजाही मिळेल. मी बाईंचे आभार मानताना इतका वाकलो की त्या गोंधळल्या. सहा आठवडे चाकावरच राहायचं. विमानतळावरून गाडीत आणि गाडीतून विमानतळावर. खोली दाखवायचा प्रश्नच नाही. माझं भलं करणाऱ्या दोन माणसांचे उपकार फिटतील आणि माझं खोटंही झाकलं जाईल, असा माझा हिशेब.

दिवाळीला तीन आठवड्यांसाठी गावी आलो. पासपोर्ट मी आदल्या वर्षीच काढायला लावले होते. भाऊबीजेला अंगण भरलेलं. घाटनांदूरहून भाची आलेली, शेजारपाजारच्या बाया आलेल्या. अक्कानं मला पाटावर बसवून ओवाळलं आणि मी ताटात साडीऐवजी घडी घातलेला कागद टाकला.

आमच्याकडं भावानं ताटात टाकलेलं बहीण तिथं उघडून बघत नाही, कमी-जास्त म्हणत नाही आणि परत तर कधीच देत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, तरी टाकला. मला चारचौघांत तिचा चेहरा बघायचा होता.

"ह्ये काय?" अक्का म्हणाली.

भाचीनं कागद उचलून वाचला. गाडीचं बुकिंग, सहा आठवडे, दोघांच्या नावानं. बायांनी एकच कल्ला केला. शेजारची काकू म्हणाली, "अगं बाई, इमानात बसनार! तिथं ऊस-बिस हाय का बघ, कोयता घिऊन जा संगं."

अक्का हसली. कागदावर कुंकवाचं बोट लावलं आणि ताटातच ठेवला.

दाजींनी एवढंच विचारलं, "गाडी कोन चालवनार?"

"तुम्ही."

"चेष्टा नको करू बे, पाव्हण्या."

"खरंच. तिकडंही आपल्यासारखं डाव्या बाजूनंच चालवतात."

दाजी उठले. आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून लायसन घेऊन आले. मुदत बघण्यासाठी ते हात लांब करून धरलं होतं. डोळ्याला दिसत नव्हतं आणि चष्मा नाही हे आम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात रांगोळीनं गाडी आखली, खरोखरच्या मापाची. सात मीटर लांब, सव्वादोन रुंद. हा पलंग, ही शेगडी, हा संडास, ही पुढची सीट. दाजींनी घमेलं पालथं घातलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. ट्रॉल्यांवर बोचकी, पाण्याच्या टाक्या, शेळ्या, चटयांच्या गुंडाळ्या, वर लेकरं. त्यातला एक जण ओरडला, "काका, घमेल्याला क्लच हाय का?"

"तुज्या ट्रॅक्टरपेक्षा बरा हाय," दाजी म्हणाले आणि हातानं गिअर टाकला.

अक्का रेघेच्या बाहेर उभी होती. मी म्हणालो, "ये की आत. दार इकडून." ती दारातून आत आली, अगदी पायरी चढल्यासारखी. दोन पावलं इकडं, दोन तिकडं.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? सगळं आहे यात."

"कोपी मोठी हुती," अक्का म्हणाली.

सगळे हसले. काकू म्हणाली, "म्हंजी इमानानं जाऊन पुन्यांदा पालातच का ग?" त्यावर आणखी हसले. मीही हसलो. आज आठवतं तसं, अक्का हसत नव्हती. शेगडीच्या चौकोनाकडं बघत होती.

पुढचे पंधरा दिवस ती एकेक विचारत राहिली आणि मी फुशारकीनं सांगत राहिलो.

"पानी कुठून भरायचं?"

"मुक्कामाच्या जागी नळ असतात. पाइप लावायचा."

"रोज?"

"दोन-तीन दिवसांनी."

"एका जागेला किती दिस ऱ्हायाचं?"

"दोन रात्री. मग पुढं. नाहीतर बघून होणार कसं?"

"आन् संडासाचं?"

"ते मी करीन. माझं रोजचंच काम आहे."

"तू कावून करायलास ते?" ती पटकन म्हणाली. हे काम मी यार्डात करतो, हेही मी तोवर घरी सांगितलं नव्हतं. गाड्यांच्या कंपनीत आहे एवढंच सांगितलं होतं.

मला वाटायचं, अक्काला कुतूहल आहे, तयारी करतेय. आता कळतं, ती मोजत होती. पाणी भरायचं, दोन दिवसांनी उठायचं, भांडी बांधायची, पुन्हा नव्या जागी चूल मांडायची. तिनं तेवीस हंगाम हेच केलं होतं. आता कुठं पाच वर्षं झाली होती, स्लॅबच्या दोन खोल्या बांधून. दिवाळीनंतर घराला कुलूप न लावता राहायची सवय तिला नुकती लागली होती. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसते, काही करत नाही, नुसती बसते. माझ्या डोळ्यांसमोर बसायची. मी त्या वेळी वहीत नकाशा काढत असायचो.

एकदाच तिनं विचारलं, "आन् तुज्या घरी कवा जायाचं?"

"शेवटी. शेवटचे चार दिवस," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं. म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू, खोलीत दुरुस्ती चालू आहे असं काहीतरी सांगू.

"चार दिस बास," अक्का म्हणाली. त्या दिवशी तिनं शेळी भाचीकडं घाटनांदूरला पाठवायचं ठरवलं आणि मला वाटलं, आता ती खरी तयार झाली.

दाजींचं वेगळंच चाललं होतं. आम्ही दोघं एसटीनं बीडला गेलो, परदेशात गाडी चालवायचा परवाना काढायला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "काका, कुठं निघालात?" दाजींनी माझ्याकडं बघितलं. देशाचं नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं. म्हणाले, "ह्याच्याकडं." परवान्याची पुस्तिका मिळाल्यावर त्यांनी ती रुमालात गुंडाळली. तिथंच त्यांनी डोळे तपासून चष्माही करून घेतला आणि येताना एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळा रस्ता त्याच्या हातांकडं बघत आले. मध्येच मला कोपर मारून म्हणाले, "ह्यो घाई करायलाय. गाडी रेटायची नसती, आयकायची असती."

मी परत इकडं आलो. जानेवारीच्या शेवटी व्हिसा आले. मॅनेजरबाईंनी गाडी नक्की करून दिली. मी ती दोन दिवस धुतली. खिडक्यांच्या खाचांतली माती काडीनं काढली.

संध्याकाळी काम संपल्यावर मी त्या गाडीतून फोन लावला. तिकडं सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोघं अंगणात बसलेले. मागं बोचकं बांधून ठेवलेलं दिसलं. तवा, काटवट, दोरी आणि ताडपत्री.

"अक्का, ताडपत्री कशाला? हे सगळं गाडीत आहे."

"असू दे. लागती."

"आदी पुढचं दाखव की," दाजी म्हणाले.

"थांबा दाजी, आधी अक्काचं स्वयंपाकघर." मी मागून सुरुवात केली. कपाटं उघडली, शेगडी दाखवली, पडदा सरकवला.

"थांब," अक्का म्हणाली. "मागं घे जरा. त्यो पडदा."

मी मागं घेतलं.

"ह्ये तर तुजं घर हाय."

फुलाफुलांचा पडदा. सगळ्या गाड्यांना तोच असतो. मला त्या क्षणी काहीही सुचलं असतं. सारखे पडदे मिळतात, म्हणालो असतो. पण तिच्याशी इतकं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो. आतापर्यंत मी फक्त गप्प राहिलो होतो, आणि गप्प राहणं मला खोटं वाटत नव्हतं.

"घर नाही, अक्का. गाडीच आहे. मी रोज गाडीतूनच बोलायचो."

"मंग तू ऱ्हातूस कुठं?"

मी सांगितलं. खोली, चौघं, वरचा पलंग. सांगताना मी गाडीच्या पायरीवर येऊन बसलो होतो. दाजी म्हणाले, "चालतं की. आपून काय बंगल्यात ऱ्हायलोय का." त्यांना विषय पुढं न्यायचा होता. त्यांना पुढची सीट बघायची होती.

"मी मनाशी म्हनलं हुतं," अक्का म्हणाली, "सा आठवडे गाडी सोसायची, मंग चार दिस तुज्या घरी बसायचं. तुला भाकर करून घालायची, तुज्या घरात."

"सोसायची म्हणजे?"

"लेकरा, मला न्हाई आता फिरायचं. लई फिरले."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"ताटात टाकलंस की. भाऊबीजेचं कसं न्हाई म्हनू?"

इथं मी काय बोलायला हवं होतं, ते मला पुढं कितीतरी दिवस सुचत राहिलं. अक्का, चुकलं. अक्का, मग दहाच दिवस ये, एकाच जागी गाडी लावू, समुद्राच्या कडेला, हलवायचीच नाही. एवढं साधं. पण मला त्या वेळी फक्त लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी तिच्यावरच ओरडतो, लहानपणापासून.

"दोन दिवस धुतली मी ही गाडी," मी म्हणालो. "बाईंच्या हातापाया पडून मिळवली. तुला पालात राहायचं नाही ना? नको येऊ."

आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरबाईंना सांगितलं की घरच्यांना जमत नाही. त्यांनी वाईट वाटल्याचं म्हटलं आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी लावून टाकली. रागाच्या भरात मी हे इतक्या झटपट केलं, की संध्याकाळी दाजींचा फोन आला तोवर माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

दाजी अंगणाबाहेर रस्त्यावर येऊन बोलत होते. "ती रडायलीय. तू तिचं मनावर घिऊ नको. मी समजावतो तिला. दोन दिस दम काढ."

"दाजी, गाडी परत केली मी."

रस्त्यावरून काहीतरी गेलं, त्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आसं का. बरं झालं. ज्वारी काढायची हायच."

त्यांना एकट्याला बोलवावं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. सगळं अक्कासाठी होतं, दाजी आपोआप त्यात आलेले. तीन-चार महिन्यांनी एका गाडीला फेरी मारून टायर दाबून बघणारा एक म्हातारा बघितला, आणि हातातला कपडा तसाच धरून उभा राहिलो. दाजींनी स्वतः कधी म्हटलं नसतं, बायकोला सोडून मी येतो. मीच म्हणायला हवं होतं. मनात आणून मग बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. पावसाळ्यात दाजींची साखर वाढली, डाव्या डोळ्यात पडदा आला. डॉक्टर म्हणाले, गाडीला हात लावायचा नाही.

अक्कानं मला महिन्याभरातच माफ केलं. माफ केलं म्हणजे तिनं कधी धरूनच ठेवलं नव्हतं. आता मी खोलीतूनच फोन करतो. माझ्याबरोबर राहणाऱ्या तिघांनाही ती ओळखते, कोण आज भात करणार, कुणाचा ताप उतरला का, विचारते. एकाला तिनं फोनवरून पिठलं शिकवलं. खिडकीला पडदा लाव म्हणून मागं लागली, तेव्हा मी लावला. मला वाटतं, मी पहिल्याच वर्षी ही खोली दाखवली असती तर ती इथं आली असती. त्या दुमजली पलंगाच्या खालच्या बाजूला चार दिवस राहिली असती आणि चौघांना भाकरी करून घातल्या असत्या. ते तिला नक्की आवडलं असतं. मला लाज नसती वाटली तर.

दाजी फोनवर फार येत नाहीत. आले तर थंडी किती, पाऊस किती, एवढंच. परवा बऱ्याच दिवसांनी अक्कानं फोन त्यांच्या हातात दिला. हवेचं बोलणं झालं. मग मध्येच म्हणाले, "त्या गाडीला गिअर हुता का रे? का बिगर गिअरची?"

नव्या गाड्या सगळ्या बिगर गिअरच्या. ही जुनी होती. बाईंनी दोन गाड्या पुढं केल्या होत्या, त्यातली ही मी दाजींच्या हाताला सवय आहे म्हणून मागून घेतली होती. बिगर गिअरची म्हणालो असतो, तर ते म्हणाले असते, मंग काय मजा. त्यांना ते बरं वाटलं असतं. पण आता अक्कासमोर आणि दाजींसमोर गप्पही राहायचं नाही, असं मी ठरवलेलं.

"होता," मी म्हणालो. "पाच."

"पाच," दाजी म्हणाले. "दुसऱ्यात जड जात आसंल, चढाला."

"हो. जरा."

"आं," ते म्हणाले, आणि फोन अक्काला दिला.